आपणच आपली साथ

बेल्जियमचा विख्यात व्हायोलिनवादक आर्थर ग्रुमियो याने १९५९ च्या सुमारास फिलिप्स कंपनीसाठी मोझार्टची एक आणि ब्राम्सची एक अशा दोन सोनाटांची ध्वनिमुद्रिका केली, आणि या दोन्ही सोनाटा व्हायोलिन व पियानो अशा दोन वाद्यांसाठी, म्हणजे पर्यायाने दोन माणसांसाठी, लिहिलेल्या असूनही त्यांतील दोन्ही भाग त्याने एकट्याने वाजवले. आधी एक भाग फितीवर उतरवायचा आणि मग तो ऐकत ऐकत दुसरा भाग त्याच्यावर चढवायचा, अशी ही तजवीज. बालवयात शार्लरुआच्या संगीतशाळेत दोन्ही वाद्यांचे रीतसर शिक्षण घेतलेल्या ग्रुमियोचा पियानोवरील हात हौशी माणसाचा नव्हता; व्हायोलिनवाल्याने पियानोही बरा वाजवला आहे, अशी मेहेरबानीची शाबासकी देण्याची पाळी श्रोत्यावर येत नाही, आणि ज्याला ही हकीकत ठाऊक नाही असा श्रोता पियानोवादक कोण म्हणून मुद्रिकेचे वेष्टन उलटसुलट करून पाहू लागतो.

अशा प्रकाराला विक्रम म्हणून टाळ्या देणे सोपे आहे आणि थेर म्हणून झिडकारणे त्याहून सोपे आहे. माझे मत असे की ही एक स्वतंत्र व प्रतिष्ठित कला आहे, परंतु तिला सहवादन म्हणू नये आणि सहवादनाच्या गादीवर तिला बसवू नये. हे मत दोन वाक्यांत नोंदवून मोकळे होता आले असते. पण जे काम त्या काळी फिलिप्ससारख्या मातब्बर कंपनीच्या यंत्रशाळेतच होऊ शके, ते आज पुण्याच्या शनिवार पेठेतील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडातही सर्रास होत असल्यामुळे त्याची कैफियत जरा सविस्तर मांडणे अगत्याचे झाले आहे.

ज्याला एकट्याने दोन्ही भाग वाजवायचे आहेत त्याच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो असा की, दोहोंपैकी आधी कोणता ध्वनिमुद्रित करावा. बहुतेक जण पियानो आधी घेतील, आणि त्याला सबळ कारण आहे. पियानोचे स्वर बारा पट्ट्यांत जखडलेले असतात. स्वर लावणाऱ्या कारागिराने ते एकदा लावून दिले की वाजवणाऱ्याला त्यांत केसाइतकाही फेरफार करता येत नाही. (पेटीच्या नेमक्या याच दोषापायी ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिला हद्दपार केले होते, आणि ती हद्दपारी उठायला पुढे तीस वर्षे लागली.) उलट व्हायोलिनला पडदे नाहीत, बोट जवभर सरकले की स्वर सरकतो, तेव्हा जुळवून घेण्याचा भार ज्याला तो पेलवतो त्याच्यावर टाकावा, हे व्यवहाराला धरूनच झाले. पण येथेच अडचणीला आरंभ होतो. स्वरवाक्याच्या शेवटी व्हायोलिनचा गज संपत येतो, त्याची दिशा फिरते, आणि त्या फिरण्याला जो निमिषभराचा अवकाश लागतो तो शेजारी बसलेला पियानोवादक डोळ्यांच्या कोपऱ्यातून व्हायोलिनवाल्याचे कोपर पाहून त्याला देत असतो. रिकाम्या खोलीत एकट्याने पियानो वाजवणाऱ्याला हा अवकाश ज्या गजाने अद्याप हालचालच केलेली नाही त्याच्यासाठी कल्पनेने राखून ठेवावा लागतो. तो अधिक राहिला तर संगीत लंगडते आणि कमी पडला तर व्हायोलिनला धाप लागते. ग्रुमियोच्या मुद्रिकेत असे लंगडणे नाही की धाप नाही. न वाजलेला भाग ज्याला मनातल्या मनात इतका स्वच्छ ऐकू येतो, त्याच्या बुद्धीपुढे कोणीही नम्र व्हावे.

तरीही काहीतरी हरवते, आणि ते कोठे हरवते हे दाखवता येते. या मुद्रिकेतली सोनाटा ब्राम्सने १८८६ च्या उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमधील थुन गावी सरोवराच्या काठी मुक्काम असताना रचली. आरंभी पियानो एकटाच चार मापांचे एक लाघवी वाक्य बोलतो. तेथे व्हायोलिन त्याच्या शेवटच्या तुकड्याची हळूच, जणू होकार देत असल्याप्रमाणे, पुनरुक्ती करतो, आणि मग पियानो पुढच्या वाक्याला हात घालतो. दोन माणसे हे वाजवत असतात तेव्हा व्हायोलिनने दिलेला होकार उत्साहाचा होता की अनिच्छेचा, किंचित रेंगाळलेला होता की तत्पर, याचा परिणाम पियानोच्या पुढच्या वाक्यावर झाल्यावाचून राहत नाही. चांगला पियानोवादक आपले वाक्य रोज रात्री थोडे वेगळे बोलतो, कारण रोज रात्री त्याला वेगळे उत्तर आलेले असते. एकट्या माणसाने पियानो आधी मुद्रित केला असेल, तर व्हायोलिनने काय उत्तर दिले हे कळण्यापूर्वीच पियानो पुढे निघून गेलेला असतो; आणि व्हायोलिन आधी मुद्रित केला असेल, तर प्रश्न विचारला जाण्याआधीच उत्तर दप्तरी दाखल झालेले असते. वादी आणि प्रतिवादी या दोघांचीही वकीलपत्रे एकाच वकिलाने घ्यावीत, त्यातला हा प्रकार. तो वकील कितीही निष्णात आणि सचोटीचा असला तरी उलटतपासणीत तो स्वतःला कोंडीत पकडू शकत नाही.

बाखच्या डी मायनरमधील दोन व्हायोलिनांच्या कॉन्चेर्टोचा इतिहास या बाबतीत चांगला दाखला ठरतो. फ्रिट्झ क्रायस्लर आणि एफ्रेम झिंबालिस्ट या दोघांनी १९१५ साली तो ध्वनिमुद्रित केला, तेव्हा वाद्यवृंदाच्या जागी चौघा वादकांचा ताफा बसवून काम भागवले होते. यंत्र ओबडधोबड, आवाज पत्र्याचा, पण दोन माणसे दोन स्वभावांची आहेत हे त्या खरखरीतूनही ओळखू येते. पुढे १९४६ साली याशा हायफेट्झने फ्रान्झ वॅक्समनच्या संचालनाखाली याच रचनेतील दोन्ही व्हायोलिन स्वतः वाजवले. सफाईच्या दृष्टीने या वादनात बोट ठेवायला जागा नाही. परंतु संथ भागात, जेथे दुसरा व्हायोलिन आधी सुरू होतो आणि मग पहिला व्हायोलिन तोच विषय वरच्या पंचमात घेऊन येतो, तेथे तीच धार, तोच कंप, स्वर उचलण्याची तीच लकब दोहोंकडून कानी पडत राहिल्यामुळे कोणी कोणाच्या हाती काय दिले हे श्रोत्याला कळेनासे होते, आणि ज्या देवघेवीसाठी बाखने दोन व्हायोलिन योजले ती देवघेवच नाहीशी होते. याच हायफेट्झने १९६१ साली हा कॉन्चेर्टो पुन्हा ध्वनिमुद्रित केला तेव्हा दुसऱ्या व्हायोलिनसाठी आपला शिष्य एरिक फ्रीडमन याला बरोबर घेतले. शिष्य तो शिष्यच, गुरूच्या वळणाचाच. पण वळण गिरवणाऱ्याचा हात दुसरा आहे एवढ्यानेदेखील त्या संथ भागात प्राण येतो. दोन्ही मुद्रिका आज सहज ऐकायला मिळतात. ज्याला माझे म्हणणे पटत नसेल त्याने त्या एकापाठोपाठ एक ऐकाव्या.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वरकरणी बिनतोड वाटतो. दोन्ही भाग लिहिणारा रचनाकार जर एकच, तर ते वाजवणारा एकच असला म्हणून बिघडले कोठे, उलट एका बुद्धीने रचलेले एका बुद्धीने साकार केले तर एकात्मता अधिकच साधेल, असा तो आक्षेप. त्याला मोझार्टच्याच चरित्रातून उत्तर मिळते. १७८४ च्या एप्रिलमध्ये रेजिना स्त्रिनासाक्की नावाची एक तरुण इटालियन व्हायोलिनवादिनी व्हिएन्नास आली होती, आणि तिच्याबरोबर वाजवण्यासाठी मोझार्टने एक नवी सोनाटा रचली. वेळ इतका थोडा उरला की त्याने व्हायोलिनचा भाग तेवढा लिहून तिच्या स्वाधीन केला आणि आपला पियानोचा भाग कागदावर न उतरवताच मैफलीत बसला; बादशहा दुसरा जोसेफ याने आपल्या दुर्बिणीतून मोझार्टपुढचा कागद जवळजवळ कोरा असल्याचे हेरले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचा तिखटमीठ लावलेला भाग सोडून दिला तरी हस्तलिखितात पियानोचा भाग मागाहून निराळ्या शाईने भरलेला दिसतो, हा दस्तऐवजी पुरावा शिल्लक राहतोच. मोझार्टला दोन्ही भाग मुखोद्गत होते, व्हायोलिनही त्याला उत्तम येत होता; आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, त्याने आपला भाग मोकळा ठेवला आणि त्या मुलीचा भाग लिहून काढला. जी सोनाटा त्याच्या डोक्यात पुरी तयार होती तिच्यासाठीही त्याला समोर दुसरे माणूस हवे होते.

खुद्द ग्रुमियोची साक्षही याच बाजूने पडते. क्लारा हास्किल ही रुमानियात जन्मलेली पियानोवादिनी त्याची सहवादिनी होती, आणि १९५६ ते १९५८ च्या दरम्यान या जोडीने केलेल्या मोझार्ट व बेथोव्हेन यांच्या सोनाटांच्या मुद्रिका आजही आदर्श मानल्या जातात. हास्किलनेही तरुणपणी व्हायोलिनचा अभ्यास केलेला होता, आणि खाजगी बैठकीत ही दोघे कधी कधी वाद्यांची अदलाबदल करीत असे सांगतात. म्हणजे एकमेकांचा भाग या दोघांनाही आतून माहीत होता. परंतु तो माहीत असण्याचा उपयोग त्यांनी समोरच्याला अधिक चांगले ऐकण्यासाठी केला. १९६० च्या डिसेंबरात ग्रुमियोबरोबरच्या मैफलीसाठी ब्रुसेल्सला आलेली हास्किल तेथल्या स्थानकाच्या जिन्यावरून पडली आणि त्यातच तिचा अंत झाला. दोन्ही भाग आपण एकट्याने वाजवू शकतो हे सिद्ध करून बसलेल्या ग्रुमियोने त्यानंतर काय केले? पुढे बेथोव्हेनच्या सोनाटांसाठी त्याने क्लाउडियो अराऊला बरोबर घेतले आणि मोझार्टसाठी वॉल्टर क्लीनला. एकट्याने वाजवण्याचा तो प्रयोग त्याने आपला शिरस्ता बनवला नाही.

आता घराकडे वळू. शनिवार पेठेत पियानो विरळा. तो लष्कर भागातल्या बंगल्यांत. पेठेचे वाद्य म्हणजे पेटी, आणि व्हायोलिन म्हटला तर तो मांडी घालून, टाचेवर त्याची मान टेकवून वाजवायचा. अप्पा बळवंत चौकाकडच्या भोंग्यांचा आणि गल्लीतल्या दुचाक्यांचा गलबला रात्री अकराच्या पुढे ओसरला की ज्या खिडकीत उजेड दिसतो तेथे कोणी तरुण कानाला हेडफोन लावून बसलेला असतो. तंबोरा यंत्रातला, ठेका भ्रमणध्वनीतला, पेटीचा ‘ट्रॅक’ त्याने कालच स्वतः वाजवून ठेवलेला, आणि आज त्याच्यावर तो व्हायोलिन चढवतो आहे. या मुलांच्या कष्टांविषयी माझ्या मनात कौतुकच आहे. रियाजाला ठेका धरणारा माणूस रोज मिळत नाही, मिळाला तर त्याची बिदागी परवडत नाही, आणि शेजाऱ्यांच्या झोपेचा विचारही करावा लागतो. पण पाश्चात्त्य वादकाने हा प्रयोग करणे आणि आपल्याकडे तो होणे यांत एक महत्त्वाचा फरक आहे, जो या तरुणांच्या ध्यानात येत असेलच असे नाही. ग्रुमियोपुढे ब्राम्सने लिहून ठेवलेला कागद होता. एकट्याने वाजवताना त्याचे जे नुकसान झाले ते क्षणार्धाच्या मागेपुढे होण्याचे, उत्तराच्या रंगाचे. आपल्या संगीतात तसा कागद नाही. व्हायोलिनवाला कोणत्या स्वरावर थांबेल, कोणती जागा घेईल, मुखडा कोठून उचलेल हे त्याने वाजवल्यावाचून त्याचे त्यालाही ठाऊक नसते, आणि पेटीवाल्याची सारी हुशारी त्या अनिश्चिततेचा पाठलाग करण्यात असते. पेटी आधी भरून ठेवली तर व्हायोलिनला काल ठरलेल्या वाटेनेच चालावे लागते, म्हणजे उपज संपली. पेटी मागाहून भरली तर ती प्रत्येक जागेवर अचूक हजर राहते, इतकी अचूक की ऐकणाऱ्याला संशय यावा, कारण बैठकीतली खरी साथ पाव मात्रा मागून येते आणि त्या पाव मात्रेतच तिची लज्जत असते. यंत्रातल्या ठेक्याचेही तेच. गायक समेवर यायला जरा झुलला तर हाडाचा तबलजी लयीला हात न लावता त्याला सावरून घेतो. यंत्र सावरीत नाही, ते आपले मोजत राहते.

याच्या उलट दाखलाही पेठेतच सापडतो. ज्या विद्यालयामुळे शनिवार पेठेतील मेहुणपुरा संगीताच्या नकाशावर आला, ते पंडित विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ साली स्थापन केले. विनायकबुवा हे मिरजेचे, १८९८ चा जन्म. त्यांचे गुरुबंधू पंडित नारायणराव व्यास कोल्हापूरचे, त्यांच्याहून चार वर्षांनी लहान. दोघेही विष्णु दिगंबर पलुसकरांच्या गांधर्व महाविद्यालयात घडले. चिजा त्याच, स्वरलिपी तीच, शिस्त तीच, गुरूविषयीची निष्ठाही तितकीच. या दोघांनी गायलेल्या जुगलबंदीच्या ७८ गतीच्या तबकड्या एके काळी महाराष्ट्रात घरोघर वाजत. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे. एकदा सुई मेणात रुतली की मागे फिरण्याची सोय नाही, एकाचा स्वर हलला तर दोघांनी पुन्हा पहिल्यापासून गायचे. दोन गवयी एकच भासावेत अशी सर्व परिस्थिती येथे जुळून आलेली होती, आणि तबकडी ऐकावी तर पहिल्याच तानेला दोघे वेगळे होतात. व्यासबुवांचा गळा हलका, टोकदार, पाण्यासारखा फिरणारा. विनायकबुवांचा आवाज जड, भारदस्त, लयीवर मांड ठोकून बसणारा. एकाने तान सोडली की दुसरा ती तशीच उचलीत नाही. उचलू शकत नाही म्हणून आपल्या गळ्याच्या मगदुराप्रमाणे तिला वळवतो, आणि मग पहिल्याला त्या वळणाला उत्तर देणे भाग पडते. तीन मिनिटांत असे काही वेळा घडते. हेच दोन्ही आवाज एकट्या व्यासबुवांनी किंवा एकट्या विनायकबुवांनी भरले असते, तर ती तबकडी निर्दोष झाली असती आणि आज तिची आठवण कोणी काढली नसती. शहनाई आणि व्हायोलिन यांच्या जुगलबंदीत बिस्मिल्ला खाँसाहेबांसमोर बसलेल्या वि. गो. जोगांचा व्हायोलिन ऐकावा. फुंकीच्या वाद्यातून निघालेला लांब स्वर गजावर आणताना जोगांना जे करावे लागते ते शहनाई समोर नसती तर त्यांना सुचलेच नसते, असे मला नेहमी वाटत आले आहे.

येथे कोणी मराठी वाचक मला अडवील आणि विचारील की, ज्या महाराष्ट्राने पु. ल. देशपांड्यांना ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने उभी करताना डोक्यावर घेतले, ज्याने लक्ष्मण देशपांड्यांची ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ मधली बावन्न पात्रे एका माणसात पाहिली, ज्याच्या देवळांतून हरिदासबुवा उत्तररंगात राजा, राणी, प्रधान आणि देव या सर्वांच्या भूमिका एकाच उपरण्यावर वठवीत आले, त्या महाराष्ट्रात एकट्याने दोन भाग वाजवण्याला हरकत कसली? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचा मी आदर करतो. परंतु एकपात्री प्रयोगात माणूस एकच आहे ही गोष्ट प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे अखंड असते. आवाज बदलला, खांदा झुकला, उपरण्याचा पदर झाला, आणि तरीही हा तोच माणूस आहे, या जाणिवेतच तेथली मौज असते. दुसरा कोणी आहे असा भास करून देऊन त्याचे श्रेय लाटण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ध्वनिमुद्रणाला डोळे नाहीत. तेथे एकाचे दोन झाले आहेत हे सांगितल्यावाचून कळत नाही, आणि न सांगता ते विकले तर श्रोत्याची दिशाभूल होते. ग्रुमियोचे वादन ग्रुमियोचा एकपात्री प्रयोग म्हणून ऐकले की त्याची थोरवी कितीतरी वाढते. त्याला सहवादन म्हणून ऐकले की कोठेतरी भूक शिल्लक राहते.

चित्रपटसंगीतवाल्यांना हे मर्म आमच्या आधी कळले होते असे म्हणावे लागते. ‘हाफ टिकट’ या १९६२ च्या चित्रपटात किशोरकुमारांनी स्त्री आणि पुरुष असे दोन्ही आवाज स्वतः गायले, पण पडद्यावर बाईच्या वेषातला पुरुष असल्यामुळे सोंग उघडे होते आणि हसू त्याचेच होते. राहुलदेव बर्मनांनी ‘बहारों के सपने’ मध्ये लताबाईंच्या आवाजावर लताबाईंचाच आवाज चढवला, आणि पुढे ‘इजाज़त’ मध्ये आशाबाईंच्या बाबतीत तीच युक्ती योजली. पण तेथे दुसरे माणूस अभिप्रेतच नव्हते, एकाच मनातले दोन तरंग दाखवायचे होते, आणि त्यासाठी दुसरी गायिका बोलावली असती तर गाण्याचा अर्थच बिघडला असता. अमेरिकेत जॅझ पियानोवादक बिल एव्हान्सने १९६३ साली आपल्याच पियानोवर आपलाच पियानो चढवून मुद्रिका काढली, तेव्हा मुद्रिकेच्या नावातच त्याने हा स्वतःशी केलेला संवाद असल्याचे जाहीर करून टाकले. प्रामाणिकपणाचा मार्ग हा असा सरळ आहे.

मला खरी धास्ती वाटते ती संगतकाराची. आपल्याकडे त्याची पायरी आधीच खालची. जाहिरातीत गवयाचे नाव हातभर अक्षरांत आणि साथ करणाऱ्यांची नावे तळाशी, भिंग घेऊन वाचण्याजोगी. कित्येकदा निवेदिकेच्या नावाच्याही खाली. गंधर्व नाटक मंडळीच्या कारभारात जमाखर्चाचा मेळ कधी बसला नाही, हे सर्वश्रुत आहे. पण बालगंधर्वांनी अहमदजान थिरकवाँसारखा तबलजी आणि कादरबक्षांसारखा सारंगिया मंडळीत ठेवला होता, आणि नाटकाला गर्दी करणाऱ्या पुण्याच्या प्रेक्षकाला त्या दोघांच्या मोलाची जाण होती. विनायकबुवांनी विद्यालय काढण्यापूर्वी जी दहा वर्षे गंधर्व मंडळीत नट म्हणून घालवली, त्या काळात साथ म्हणजे काय हे ते रोज रात्री पाहत आले होते. सवाई गंधर्व महोत्सवात भीमसेनजींच्या मागे आप्पा जळगावकरांची पेटी आणि चंद्रकांत कामतांचा तबला ऐकत एके काळी रमणबागेत पहाट केलेल्या पिढीला तर हे समजावून सांगण्याची गरजच नाही. आता घरोघर ट्रॅक तयार होऊ लागले, शाळांच्या स्नेहसंमेलनांत आणि छोट्या कार्यक्रमांतही तेच वाजू लागले, म्हणजे नवशिक्या पेटीवाल्याला आणि तबलजीला चुकतमाकत शिकण्यासाठी ज्या लहानसहान बैठका मिळत असत त्याच प्रथम आटतील. आणि लहान बैठका आटल्या की वीस वर्षांनी मोठ्या बैठकीला साथ करायला माणूस कोठून आणायचा, याचा विचार आयोजकांनी आजच केलेला बरा.

म्हणून ज्यांना दोन्ही भाग एकट्याने वाजवून ध्वनिमुद्रित करायचे आहेत त्यांनी ते जरूर करावेत, पण तसे वेष्टनावर ठळक अक्षरांत नमूद करावे, आणि जुगलबंदी, सहवादन असली बिरुदे त्याला लावू नयेत. संगीत विद्यालयांनी व्हायोलिन शिकणाऱ्याला दोन वर्षे पेटीवर आणि तबला शिकणाऱ्याला चार चिजा गळ्यावर बसवाव्यात, परीक्षेत केवळ साथीला वेगळे गुण ठेवावेत, आणि जाहिरात लिहिणाऱ्या कार्यवाहांनी संगतकाराचे नाव गवयाच्या नावाशेजारी, त्याच टंकात घालण्याची तसदी घ्यावी. आणि रात्री अकरानंतर हेडफोन लावून बसणाऱ्या मुलांना एवढीच विनंती की, ट्रॅक तयार करण्याआधी आसपास चौकशी करावी. शनिवार पेठेत दर गल्लीला पेटी वाजवणारा कोणी ना कोणी अजूनही राहतो. त्याला निरोप पाठवावा, चहा पाजावा, आणि त्याची बिदागी त्याच दिवशी चुकती करावी.